पुढचा बंपर

घरातील वडीलधारे माणूस आणि वाहनाचा पुढचा बंपर यांचे काम एकच. पहिला धक्का स्वतः सोसावा व मागचे सारे शाबूत राखावे. आणि दोघांचीही आठवण व्हावी ती बहुधा त्यांना इजा झाल्यावर!

आमची सुमो 2014 सालची. हे नाव जपानी मल्लांवरून पडले अशी पुष्कळांची समजूत आहे. वास्तविक ते टाटांच्या मोटार-कारखान्याची उभारणी करणारे सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावांच्या आद्याक्षरांतून आले. त्या आडनावासरशी आमच्या तीर्थरूपांना डिचोलीकडचे मुळगाव आठवते, आणि गाडी आपल्याच गोतातील असल्यासारखे ते तिला वागवतात. 2019 साली तिचे उत्पादन थांबले, तेव्हा त्यांना सुतक आल्यासारखे झाले होते.

गेल्या मार्गशीर्षातील एका सोमवारी तीर्थरूप मंगेशीची पालखी पाहून एकटेच गाडी हाकीत परतले. सकाळी पाहतो तो बंपरचा डावा कोपरा ओठ फाटावा तसा फाटलेला. “गाय आडवी आली,” एवढेच ते म्हणाले. फाटीत चिऱ्याची तांबडी भुकटी अडकली होती. गाईच्या अंगाला चिऱ्याची भुकटी नसते, हे ओळखण्यास वकिलीची सनद लागत नाही. परंतु साक्षीदार ऐंशीच्या घरातला असून शिवाय आपला जन्मदाता असला, की उलटतपासणीचा हक्क बजावण्याचे धैर्य होत नाही. आम्ही गप्प राहिलो.

फोंड्याच्या मेस्त्रीने बंपर उतरवून आत हात घातला. मागची लोखंडी पट्टी सरळ होती, रेडिएटर सुखरूप होता. “बाहेरचे कातडेच तेवढे फाटले आहे,” तो म्हणाला. बंपर बसवण्याचे कान मोडले असते तर नवा घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. पण ते धड होते. बाजारातील नवा बंपर आणावा, तर त्याची भोके जुळतीलच असे नाही, आणि रंग निराळा द्यावा लागतो. आतल्या बाजूस प्लॅस्टिकची जात छापलेली असते; त्याच जातीची कांडी तापवून फाट सांधायची, आतून बारीक जाळी पुरायची, मग घासून रंग चढवायचा. विजातीय कांडी धरत नाही, हेही त्याने सांगितले.

तेवढ्यात तेथील एका हितचिंतकाने विम्याचा अर्ज पुढे केला. “पैसे कशाला घालवता, वकीलसाहेब?” अर्जात रकाना होता: अपघातसमयी वाहन कोण चालवीत होते, व त्याचा परवाना क्रमांक काय.

घरी येऊन आम्ही तीर्थरूपांचा परवाना मागितला. त्याची मुदत संपून वर्ष लोटले होते! पंचावन्न वर्षे उलटलेल्याचा परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी नवा होतो, हे आम्ही पक्षकारांना शुल्क घेऊन सांगतो. स्वतःच्या घरात मात्र पाहिले नव्हते. आता उपाय सोपा होता. रकान्यात आमचे नाव घालायचे. गाडी आमची, परवाना चालू, आणि साक्षीदार म्हणाल तर एक चिरा. आम्ही लेखणी उघडली. बापाची अब्रू राखतो आहोत, अशी मनाची समजूतही घातली. ज्या कृत्याबद्दल दुसऱ्यास आम्ही न्यायालयात उभे-आडवे सोलले असते, ते आम्हांस त्या क्षणी पितृभक्तीसारखे भासत होते.

तीर्थरूप मागे उभे होते. “फट बरोवं नाका,” ते शांतपणे म्हणाले.

आम्ही अर्ज फाडला. मग हिशेब सुचला: प्लॅस्टिकच्या भागावर विमावाले घसाऱ्यापोटी निम्मी किंमत कापतात, शिवाय पाच वर्षे दावा न केल्याने मिळणारी हप्त्यातील पन्नास टक्के सवलतही गेली असती. म्हणजे खोटे लिहूनही तोटाच होता. परंतु मोह आधी आला व गणित मागाहून, याची लाज अजून वाटते. त्याहून मोठी लाज ही, की त्यांना गाडी चालवणे थांबवा असे सांगण्याचे जे कर्तव्य आमचे होते, ते आम्ही एका खोट्या सहीआड लपवू पाहत होतो.

ते सांगण्याची वेळ आली नाही. त्याच रात्री त्यांनी किल्ली देवघरापुढे क्षणभर ठेवली आणि मग आमच्या हातात दिली.

आता दर सोमवारी गाडी आम्ही चालवतो. सांध्याची रेघ तिरप्या उन्हात दिसते. मेस्त्री पुन्हा घासून देईन म्हणाला, तीर्थरूपांनी नको म्हटले. ते आमच्या डाव्या बाजूस बसतात. गाईचा उल्लेख पुन्हा कधी झाला नाही. मात्र त्या वळणावर गाडी आली, की न चुकता बोट दाखवून सांगतात, “सांबाळ, हांगा गडगो आसा.”