संगणकाची आवक-जावक

ऑक्टोबर २०२३ ची सहा तारीख. शुक्रवार होता. मी राहतो पिंपरीत आणि कारकुनी करतो भोसरी एमआयडीसीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये. अडतीस माणसांचा पगार माझ्या हातून निघतो. कायद्याप्रमाणे तो सात तारखेच्या आत कामगाराच्या हाती पडला पाहिजे. सभेत उभे राहून वेळेवर पगार मागणारा मीच आणि ऑफिसात बसून तो काढणाराही मीच. त्यामुळे तारीख चुकली तर बोलणी दोन्हीकडून मलाच खावी लागतात.

त्या दिवशी दुपारी पगारपत्रकाचे बटण दाबले आणि पडदा जागच्या जागी थिजला. चूक दाखवील तर शपथ. पुन्हा बंद करून चालू केले, पुन्हा तेच. प्रोग्राम बनवून देणाऱ्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "सोमवारी येतो. बहुतेक सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल." सोमवार म्हणजे नऊ तारीख. पॅकिंगमधल्या एका बाईला मुलीच्या परीक्षेचा फॉर्म शनिवारी भरायचा होता. सकाळपासून दोनदा येऊन त्या दारात उभ्या राहून गेल्या होत्या. काही बोलल्या नाहीत, पण न बोलताही कळते.

त्यात शेठना वेगळाच संशय. "स्टोअरमधल्या त्या नव्या पोराने हात लावला असणार," ते म्हणाले. तो पोरगा आमच्याच वस्तीतला. बारावी झाल्यावर घरी बसला होता, मीच रदबदली करून त्याला इथे चिकटवले होते. मी गप्प राहिलो. खरे सांगायचे तर क्षणभर माझ्याही मनात तेच आले होते.

संध्याकाळी भाचीला बोलावले. ती कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा संगणक लिनक्सवर चालतो. शेठनी तो फुकट मिळतो म्हणून घेतला होता, पण ती म्हणाली, "बरं झालं मामा, ह्याच्या पोटात डोकावता येतं."

डोकावायचे कसे, ते तिने मला माझ्याच भाषेत सांगितले. कोणताही प्रोग्राम स्वतः फाइल उघडत नाही, कागद छापत नाही, दुसऱ्या यंत्राशी बोलत नाही. प्रत्येक कामासाठी तो मध्यवर्ती कचेरीच्या, म्हणजे कर्नलच्या खिडकीवर अर्ज करतो. ह्या अर्जाला सिस्टीम कॉल म्हणतात. एसट्रेस नावाचे एक हत्यार आहे. ते त्या खिडकीशी बसून आवक-जावक नोंदवही लिहिते. अर्ज काय आला, उत्तर काय गेले, कोणता अर्ज अजून पडून आहे, सगळे ओळीने. पॉल क्रॅनेनबर्ग ह्यांनी ते १९९१ साली सन कंपनीच्या यंत्रांसाठी लिहिले, पुढे ते लिनक्सवर आले. युनिक्सच्या इतर घराण्यांत ट्रस, केट्रेस असे त्याचे भाऊबंद आहेत. वीस वर्षे आवक-जावक लिहिलेल्या माणसाला ह्याहून अधिक समजावण्याची गरज नव्हती.

पण झाले असे की नोंदवही लिहिणाराच अडला. तिने अडकलेल्या प्रोग्रामचा क्रमांक देऊन हत्यार चालवले, तर उत्तर आले, 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. शेठ म्हणाले, "बघा, हेही बिघडलंय." मलाही तसेच वाटले. भाची मात्र हसली. बिघडलेले काही नव्हते. दुसऱ्याच्या प्रोग्रामची नोंदवही वाचता आली तर त्याचे पासवर्डही वाचता येतात. म्हणून उबुंटूने २०१० पासून बंधन घातले आणि २०१२ साली ते मुख्य लिनक्समध्ये आले. यामा म्हणतात त्याला. नाव एकाच वापरकर्त्याचे असले तरी तुम्ही स्वतः जन्माला घातलेल्याच प्रोग्रामवर नजर ठेवा, दुसऱ्या खिडकीतून सुरू झालेल्यावर ठेवायची तर मुख्य अधिकारी, म्हणजे रूट लागतो.

फोनवर त्या सोमवारवाल्याने सुचवले, "ते बंधनच काढून टाका, एकचं शून्य करा." भाचीने ऐकले नाही. एका संध्याकाळच्या कामासाठी दाराची कडी कायमची कशाला काढायची? तिने रूटचा पासवर्ड मागितला. शेठ बिचकले. ती म्हणाली, "तुम्हीच टाका, मी तोंड फिरवते." आणि खरेच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. रूट होऊनही नकार आला असता तर आणखी एक गोष्ट बघायची असते, असे ती म्हणाली. एका प्रोग्रामवर एका वेळी एकच पाळत बसू शकते, दुसरे कोणी आधीच बसले असेल तर आपल्याला जागा नाही. प्रोग्रामच्या स्थितीच्या फाइलीत 'ट्रेसरपिड' अशी ओळ असते. ती शून्य होती, म्हणजे जागा रिकामी होती.

हत्यार एकदाचे चिकटले आणि पडद्यावर एकच अर्धवट ओळ आली. 'वेट४', आणि पुढे काही नाही. म्हणजे हा प्रोग्राम नुसता वाट बघत बसला होता. कोणाची? त्याने पत्रक बनवण्याचे काम एका पोटच्या प्रोग्रामवर सोपवले होते आणि तो परत येण्याची वाट बघत होता. आपण बापाच्या तोंडाकडे बघत होतो, अडचण लेकराची होती. एसट्रेसला 'एफ' ही खूण लावली की ते पोरांच्याही मागे जाते, पण खूण लावल्यानंतर जन्मलेल्यांच्याच. आधी जन्मलेल्याला त्याच्या क्रमांकाने वेगळे धरावे लागते. इथे पुष्कळ जण फसतात, कारण पडद्यावर काहीच हलत नाही आणि हत्यार निकामी आहे असे वाटते.

लेकराला धरल्यावर ओळ आली, 'एफसीएनटीएल', पाच क्रमांकाच्या फाइलीवर, आणि तीही अर्धवटच. अर्थ असा की मला पाच नंबरच्या फाइलीवर लिहिण्याचे कुलूप हवे आहे, मिळेपर्यंत मी इथेच थांबतो. पाच नंबर म्हणजे कोणती फाइल? 'वाय' ही खूण लावली की नंबराशेजारी नावही छापले जाते. नाव निघाले हजेरी आणि ओव्हरटाइमच्या फाइलीचे. आता कुलूप कोणी लावले, ते शोधायचे. लिनक्समध्ये कुलपांची एक यादी असते, तीत लावणाऱ्याचा क्रमांक असतो. क्रमांकावरून माणूस निघाला.

स्टोअरचा पोरगा.

शेठनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. पोरगा दारातच उभा होता. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. भाचीने मान वर न करता आणखी एक आज्ञा दिली. तो प्रोग्राम कधी सुरू झाला? बुधवारी, चार तारखेला, संध्याकाळी पावणेसहाला. आणि बुधवारी सहाच्या सुमारास काय झाले होते? पाऊस आला होता आणि वीज गेली होती. स्टोअरचा पडदा विझला. ऑफिसातला संगणक इन्व्हर्टरवर, तो चालूच राहिला. पोरगा मागच्या महिन्याचा ओव्हरटाइम चढवत होता. त्याचा प्रोग्राम ऑफिसातल्या यंत्रात कुलूप धरून तसाच बसला, पलीकडचा माणूस गेला हे त्याला कोणी सांगितलेच नाही. गुरुवारी आमची सुट्टी. शुक्रवारी मी बटण दाबले.

"पोराचं काय चुकलं मग?" शेठनीच विचारले. कोणी उत्तर दिले नाही.

मी म्हणालो, मारून टाक तो प्रोग्राम. भाची म्हणाली, आधी फाइलीची प्रत काढू. प्रत काढली, मग तो प्रोग्राम बंद केला. कुलूप सुटताच इतका वेळ खोळंबलेले लेकरू आपोआप पुढे धावले आणि पडद्यावर ओळींचा पाऊस सुरू झाला. त्यात कामगारांची नावे असायला हवी होती, तर दिसत होते तीनशे चाळीस, दोनशे चव्वेचाळीस असले आकडे, तेही मध्येच तुटलेले. माझ्या पोटात गोळा आला. सगळी नावे गेली की काय? नावे शाबूत होती. मराठी एकेक अक्षर किंवा मात्रा संगणकात तीन बाइटची असते, आणि एसट्रेस प्रत्येक बाइट असा आकड्यात छापते. शिवाय काही सांगितले नाही तर मजकुराचे पहिले बत्तीसच बाइट दाखवते, म्हणजे मराठीची दहा अक्षरे. 'एस' ह्या खुणेने ती मर्यादा वाढवता येते. इंग्रजी नावे सरळ दिसतात, आपलीच अशी वेष पालटून येतात.

छपाई झाली. मी सवयीने बेरीज तपासली, तर चौघांचा ओव्हरटाइम शून्य. बुधवारी पोराचे तेवढेच चढवायचे राहिले होते. म्हणजे ते कुलूप उगीच नव्हते, खाते अर्धवट असताना पत्रक निघू नये म्हणूनच होते. चूक एवढीच, की प्रोग्राम आपण का थांबलो आहोत ते बोलत नव्हता. पोराने खिशातून चौपदरी घडी घातलेला कागद काढला. चौघांचे तास त्यावर पेन्सिलीने लिहिलेले होते. विजेचा भरवसा नाही म्हणून तो आधी कागदावर लिहितो आणि मग चढवतो, हे मला तोवर माहीत नव्हते. तास चढवले, दुसरे पत्रक काढले, साडेनऊला ऑफिस बंद केले. नाक्यावर वडापाव खाताना शेठनी पैसे दिले, आणि पोराला आग्रह करून दुसरा घ्यायला लावला.

शनिवारी दहाला पगार वाटला. पॅकिंगच्या बाई पाकीट न मोजताच शाळेकडे गेल्या.

सोमवारवाला बुधवारी आला. कुलूप कोणाचे आहे ते पडद्यावर दाखवायची सोय करून देतो म्हणाला आणि त्याचे वेगळे पैसे सांगितले. ते काम अजून झालेले नाही. तोपर्यंत भाचीच्या अक्षरातली एक चिठ्ठी माझ्या संगणकावर चिकटवलेली आहे, 'मामा, आधी स्टोअरमध्ये विचारा, मग बटण दाबा.'