शेवटच्या टेबलावरचा डाव

ऑगस्ट २०२२. पेणमध्ये कारखान्यांतून गणपतीच्या डोळ्यांची आखणी चालली होती आणि मी सकाळच्या गाडीनं रोह्याला निघालो होतो. शाळांच्या सांघिक बुद्धिबळ स्पर्धेला पंच म्हणून. कासू, नागोठणे, रोहा. तेवढ्या वेळात माझ्या पेअरिंगच्या चिठ्ठ्या कापून होतात. हॉलवर पोचतो न पोचतो तोच तिसऱ्या पटावर खेळणारी एक मुलगी समोर उभी. ‘सर, अमेरिकेनं आपल्या संघाला ३-१ हरवलं. दोघांचे गुण सारखे. मग ब्राँझ आपल्याला कसं?’

प्रश्न बिनतोड होता. चारच दिवसांपूर्वी, ९ ऑगस्टला, महाबलीपुरमचं बुद्धिबळ ऑलिम्पियाड संपलं होतं. महिला गटात भारताचा पहिला संघ १० फेऱ्यांनंतर १७ गुणांवर एकटाच पुढे होता. पुण्याचे अभिजित कुंटे कप्तान, संघात गोव्याची भक्ती कुलकर्णी. अकराव्या फेरीत अमेरिकेकडून हार झाली, युक्रेन आणि जॉर्जिया १८ वर गेले, आणि भारत, अमेरिका, कझाकस्तान असे तिघे १७ वर राहिले. ब्राँझ भारताला मिळालं. गल्लीतल्या क्रिकेटचा न्याय लावला तर हे चूकच. आपसात कोण जिंकलं ते आधी बघायचं, असं आपल्याला वाटतं. ऑलिम्पियाड तसं बघत नाही.

आधी गुणांचं. चार पटांवर चार डाव. डाव जिंकला की एक, बरोबरीला अर्धा. अडीच किंवा जास्त झाले की सामना जिंकला, त्याचे दोन गुण. २-२ ला एक. २००६ च्या ट्युरिनपर्यंत मात्र डावांच्या गुणांचीच बेरीज धरत. दुबळ्या संघाला ४-० धुतलं की चांदी. २००८ ला ड्रेस्डेनपासून सामन्याचे गुण आधी आले, म्हणजे ४-० लाही दोन आणि अडीच-दीडलाही दोनच. मला हा बदल पटतो. आता चौथ्या पटावरचा खेळाडू संघ दोन-एकनं पुढे असताना मिळेल ती बरोबरी घेऊन उठतो, जिंकायच्या नादात डाव घालवत नाही. कप्तानही त्याला ‘बरोबरी घे’ एवढं सांगू शकतो. पटावर काय चाललंय त्याबद्दल एक अक्षर बोलला तर पंचांनी हटकायचं.

पटांचा क्रमही ठरलेला असतो. पाच नावं स्पर्धेपूर्वी द्यायची, मग उलटापालट नाही. दुसऱ्या पटावरच्याला विश्रांती दिली तर तिसरा दुसऱ्यावर, चौथा तिसऱ्यावर सरकतो आणि राखीव खेळाडू चौथ्यावर बसतो. भारी खेळाडूला लपवून खालच्या पटावर फुकटचा गुण काढायची सोय नको म्हणून. आपल्याकडचे क्रीडाशिक्षक दरवर्षी एकदा तरी हा प्रयत्न करून बघतातच.

जोड्या स्विस पद्धतीनं. ऑलिम्पियाडला ती १९७६ च्या हैफापासून आली. संघ इतके वाढले की सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं शक्य नव्हतं. समान गुणांचे संघ एकमेकांसमोर आणायचे, एकदा भेटलेल्यांना परत नाही. जोडीत आधी ज्याचं नाव त्याला पहिल्या आणि तिसऱ्या पटावर पांढरी मोहरी, दुसऱ्या-चौथ्यावर काळी. हे काम आता संगणक करतो. मी अजून चिठ्ठ्या मांडतो. मुलांना गठ्ठे दिसले की आपण कुठे आहोत ते कळतं.

यात एक फट आहे. सुरुवातीला हरलेला संघ खाली जातो, तिथले सोपे सामने मारत शेवटी वर उगवतो. पुढे राहिलेल्याला रोज वाघ, ह्याला रोज शेळी. गुण समान झाले तर? त्यासाठी टायब्रेक. ज्यांच्याशी खेळलात त्या प्रत्येक संघाचे शेवटचे गुण घ्या, त्याच्याविरुद्ध डावांत जे कमावलंत त्यानं गुणा, सगळ्यांची बेरीज करा. सर्वांत तळाचा प्रतिस्पर्धी सोडून द्या. १४ गुणांच्या संघाला ३-१ हरवलं तर ४२. आणि १८ वाल्याकडून अडीच-दीडनं हरलात तरी २७. हरलेल्या सामन्यातला अर्धा गुणही वाया जात नाही. म्हणूनच त्या मुलीला मी म्हटलं, ‘एकट्या अमेरिकेचा सामना नको बघूस, अकराही बघ.’ त्याच वर्षी खुल्या गटात उझबेकिस्तान आणि आर्मेनिया दोघेही १९ वर होते. सुवर्ण उझबेकिस्तानला गेलं ते याच बेरजेनं. २०२४ ला बुडापेस्टमध्ये भारतानं २२ पैकी २१ गुण केले, महिलांनी १९, तेव्हा कुणाला कॅल्क्युलेटर काढावा लागला नाही. त्या महिला संघात नागपूरची दिव्या देशमुख तिसऱ्या पटावर ११ पैकी साडेनऊ करून गेली.

मुलगी समजून गेली. नंतर त्याच दुपारी मीच चुकलो.

पेणचा एक संघ आणि रोह्याचा एक, दोघांचे समान गुण. सगळे सामने संपले होते, शेवटच्या टेबलावरचा, दुसऱ्याच दोन संघांतला एक डाव सोडून. हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती, बरोबरीच होणार, म्हणून मी तो सामना २-२ धरून बेरीज केली. पेण अडीचनं पुढे. ढाल दिली, फोटोही झाले. तेवढ्यात काळ्यानं राजा चुकीच्या बाजूला नेला आणि प्यादं वजीर झालं. त्या जिंकलेल्या संघाला रोह्यानं पहिल्या फेरीत ३-१ हरवलेलं. त्याचा सामन्याचा एक गुण वाढला, रोह्याचे तीन. अडीचची आघाडी संपली.

पेणच्या कप्तानाकडे जाऊन मी माफी मागितली. नववीतला असेल. त्यानं ढाल रोह्याच्या संघाकडे दिली आणि मला विचारलं, ‘कोणता डाव, सर?’

मग तो शेवटच्या टेबलाशी गेला, मोहरी परत मांडली, आणि काळ्याचा राजा दुसऱ्या बाजूला नेऊन बघत बसला.