पैसा जातो कुठं?

दिवाळीत गावी गेलो, तर नळाला पाणी नव्हतं. बुलढाण्याच्या मेहकर तालुक्यातलं आमचं गाव, पाण्याची बोंब आम्हाला नवी नाही. पण या वेळी विहिरीत पाणी होतं, मोटरही ठीक होती. व्हॉल्व्ह सोडणारे शिपाईकाका कामावर येत नव्हते. पाच महिने पगार नाही. काका म्हणजे माझ्या वर्गमित्राचे वडील.

माझं डोकंच फिरलं. फोनवर ई-ग्रामस्वराज पोर्टल उघडलं. पंचायतीच्या नावावर लाखांत शिल्लक! स्क्रीनशॉट काढून गावाच्या ग्रुपवर टाकला, "मग पैसा जातो कुठं?" चाळीस जणांनी अंगठे दिले.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकांनी बोलावलं. चिडले नाहीत. म्हणाले, "भाऊ, पैसा हाये, पण आपल्या मर्जीचा नाही."

पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातल्या अनुदानाचा 60 टक्के भाग 'बंधित', म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेला 40 टक्के 'अबंधित', पण पगार आणि आस्थापनेचा खर्च त्यातूनही करता येत नाही. काकांच्या पगारातला पंचायतीचा वाटा निघतो स्वनिधीतून. स्वनिधी म्हणजे मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी.

मग त्यांनी नमुना नंबर 9 चं रजिस्टर उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. माझ्या वडिलांचं नाव. चार वर्षांची थकबाकी.

घरी विचारलं, तर वडील म्हणाले, "गावात कोणी भरते का?"

73वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, पंचायतींकडे सोपवायच्या 29 विषयांची यादी आली. कामं खाली आली, पैसा मात्र अजून वरून अटी घेऊनच येतो. हे बदलायलाच हवं. पण जो एक पैसा पूर्णपणे गावाचा आहे, तो आपणच देत नाही. आणि वसुलीला कडक झालेल्या सरपंचाला पुढच्या निवडणुकीत पाडतोही आपणच.

मी थकबाकी भरली. पावतीचा फोटो त्याच ग्रुपवर टाकला. अंगठे आले सात.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत थकबाकीदारांची यादी वाचावी, असं मी लेखी दिलंय. तेव्हापासून वडील माझ्याशी नीट बोलत नाहीत. काकांचा पगार अजून झालेला नाही.