एका अखंड नळीची कमान

विद्यार्थ्यांनी स्वतः रेसिंग गाडी बनवायच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेच्या नियमपुस्तकात चालकाच्या मागे उभ्या राहणाऱ्या कमानीसाठी, म्हणजे मेन रोल हूपसाठी, एक अट आहे. ही कमान एकाच, न कापलेल्या, सलग पोलादी नळीची हवी. फ्रेमच्या तळाशी एका बाजूने निघायचं, चालकाच्या डोक्यावरून जायचं आणि दुसऱ्या बाजूला तळाशी उतरायचं. मध्ये जोड चालत नाही. बाकीच्या फ्रेममध्ये नळी आखूड पडली तर दुसरी कापता येते, फट राहिली तर घासून बसवता येते. इथे एक वळण चुकलं की अख्खी नळी गेली.

पुण्यातल्या आमच्या कॉलेजच्या टीममध्ये फ्रेमचं काम माझ्याकडे होतं. जानेवारीत कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत या अशाच स्पर्धेला गाडी न्यायची होती आणि सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे होतं. ते स्वाभाविकच आहे, इंजिन आवाज करतं. पण गाडी उलटली तर मुलाचं डोकं आणि डांबर यांच्यामध्ये उरते ती एवढी एक कमान. ३ जुलै २०२२ला सिल्व्हरस्टोनला झोउ ग्वानयूची फॉर्म्युला वन गाडी सुरुवातीलाच उलटली, घसरत गेली आणि तिचा रोल हूपच मोडला. हॅलोमुळे, म्हणजे चालकाच्या डोक्याभोवतीच्या संरक्षक कड्यामुळे, तो वाचला. पुढच्या मोसमासाठी एफआयए या मोटर शर्यतींच्या नियामक संस्थेने रोल हूपचे नियम कडक केले. आमच्या गाडीला हॅलो नव्हता. म्हणून वर्कशॉपच्या भिंतीवर मी त्या मोडक्या गाडीचा फोटो लावला आणि काम संपेपर्यंत काढू दिला नाही.

नियमात बसणारं नळीचं एक माप आहे बाहेरचा व्यास २५.४ मिलिमीटर आणि जाडी २.४ मिलिमीटर, म्हणजे बाजारातली एक इंची नळी. आम्ही ४१३० क्रोमोली या मिश्र पोलादाची नळी घेतली, सीमलेस. महागडं पोलाद घेतलं म्हणून हूपची भिंत पातळ करायची सूट मिळत नाही, आणि ते मला योग्यच वाटतं. वळणाची त्रिज्या, नळीच्या मध्यरेषेवर मोजून, व्यासाच्या किमान तिप्पट हवी. म्हणजे ७६ मिलिमीटरच्या थोडी वर. शिवाय वळण गुळगुळीत हवं. सुरकुती, चपटेपणा काही चालत नाही.

पहिल्या वर्कशॉपमध्ये पाण्याच्या पाइपांसाठी वापरतात तसलं हायड्रॉलिक बेंडर होतं. त्यावर नळी दोन आधारांवर ठेवून मधून दाबतात. बागेतली रबरी नळी दुमडली की आतल्या बाजूने जशी चेपते, तशी आमची नळी चेपली. आत एक आडवी सुरकुती, बाहेर चपटा भाग. दुकानदार म्हणाला, पुट्टी मारा, रंग द्या, कुणाला कळणार नाही. टीममधल्या एकदोघांनाही ते पटायला लागलं होतं, कारण नळीचे पैसे गेले होते आणि तारीख जवळ येत होती. मी त्यांना एवढंच विचारलं, की या कमानीखाली तुमच्यापैकी कोण बसणार? सुरकुती पडलेली जागा आधीच दुमडायला तयार झालेली असते, भार आला की नळी तिथेच दुमडणार. ती नळी मी त्याच संध्याकाळी कापली, म्हणजे कुणाचं मन पुन्हा तिच्याकडे वळायला नको.

मग भोसरी एमआयडीसीत मोटरसायकलची हँडल वाकवणारा एक कारखाना सापडला. त्यांच्याकडे मँड्रेल बेंडिंगचं मशीन होतं. यात नळीच्या पोटात मँड्रेल म्हणजे एक घट्ट बसणारा दांडा असतो. त्यामुळे वळताना नळीला आत कोसळायला जागा मिळत नाही. बाहेरून डाय नळीला धरून स्वतःभोवती ओढत नेते. एक इंची नळीची त्यांची डाय ९० मिलिमीटर त्रिज्येची होती, म्हणून ड्रॉइंग डायप्रमाणे बदललं. दोन वळणांच्या मध्ये मशीनला पकडायला पुरेशी सरळ लांबी लागते, तीही तिथेच मोजून घेतली. फ्रेमचं ड्रॉइंग पक्कं करण्याआधी बेंडरच्या शेजारी उभं राहायलाच हवं, असं माझं ठाम मत तिथे बनलं.

मशीनवरच्या काकांनी आधी तुकडा मागितला. "याच पाइपचा आणा ताई, दुसऱ्या लॉटचा नको. सोडला की पाइप उघडतो. किती उघडतो ते तुकड्यावर बघू, मग सांगतो." आमच्या कमानीला चार वळणं होती: दोन्ही खांद्यांना १५ अंश, वर दोन्ही कोपऱ्यांना ७५. बेरीज १८०, म्हणजे दोन्ही पाय समांतर. प्रत्येक वळण एकच अंश कमी पडलं तरी पायांमध्ये ४ अंशांचा फरक होतो, आणि ७०० मिलिमीटर खाली येईपर्यंत ते जवळजवळ ५ सेंटिमीटर फाकतात. क्रोमोली साध्या पोलादापेक्षा जास्त उघडते. काकांनी तुकडा वाकवला, कोन मोजला आणि प्रत्येक वळणासाठी जास्तीचे अंश खडूने मशीनच्या अंगावर लिहून ठेवले.

तो तुकडा मी मागून घेतला आणि कॉलेजात उभा चिरला. व्हर्नियर लावल्यावर वळणाची बाहेरची भिंत २.१ मिलिमीटरच्या आसपास आली, आतली २.४ पेक्षा जाड झाली होती. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, हे पुस्तकात वाचलेलं असतं. पण धातू एका बाजूने दुसरीकडे कसा सरकलाय हे त्या चिरलेल्या तुकड्यात डोळ्यांना दिसतं, आणि त्रिज्येची अट कशासाठी आहे याचा मग संशय राहत नाही.

खरी नळी वाकवताना पिळाची भीती जास्त होती. दुसऱ्या वळणाआधी नळी हातात एक अंश जरी फिरली, तरी ६०० मिलिमीटरच्या पायाचं टोक १० मिलिमीटर बाहेर जातं. नळीभर मार्करने सरळ रेघ ओढली होती. प्रत्येक वेळी काका ती रेघ डायवरच्या खुणेशी जुळवायचे, मी आधी वाकलेल्या भागावर डिजिटल अँगल गेज ठेवून आकडा वाचायचे आणि मी मान हलवल्याशिवाय ते पेडल दाबायचे नाहीत. शेवटचं वळण सुटलं तेव्हा कारखान्यातली इतर माणसंही हातातलं काम थांबवून बघत होती.

कॉलेजच्या सरफेस टेबलावर कमान आडवी ठेवली. ती कुठेही डुगडुगली नाही. जिगवर उभी केल्यावर आमच्या सगळ्यांत उंच ड्रायव्हरला हेल्मेट घालून बसवलं आणि मेन हूपच्या माथ्यापासून पुढच्या कमानीच्या, म्हणजे फ्रंट हूपच्या, माथ्यापर्यंत दोरी ताणली. हेल्मेट त्या रेषेच्या किमान ५० मिलिमीटर खाली लागतं. ते त्याहून खाली होतं. मला त्या क्षणी जो आनंद झाला, तो पुढे इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हाही झाला नाही.

यंदा फ्रेम करणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: बजेटमध्ये हूपच्या दोन नळ्या जास्तीच्या धरा, वेल्डिंगचा पहिला टाका घालण्याआधी हूप वाकवून घ्या, आणि नमुन्याचा तुकडा स्वतः चिरून मोजा. नळीवर जराशी जरी सुरकुती दिसली, तर ती नळी त्याच दिवशी कापून टाका.