अंतर

वाईहून निघालेली एस.टी. पसरणीच्या घाटाला लागली, की आम्हांस एक जुने संभाषण आठवते. पंधरा-वीस वर्षे झाली असतील. शेजारी अकरावीतला एक मुलगा बसला होता. तो मूळचा तेहरानचा. पाचगणीच्या एका निवासी शाळेत शिकणारा, सुटीहून परतणारा. शिक्षकी स्वभावाला अनुसरून आम्ही चौकशी केली, "घर फार लांब ना रे?" त्याने मोडक्या हिंदीत हिशेब मांडला. तेहरान ते मुंबई विमानाने जेमतेम चार तास. मुंबईहून इथवर मात्र गाड्या बदलत सात तास. म्हणजे त्याच्या लेखी तेहरान जवळ होते आणि लांब होती ती पाचगणी.

घरी येऊन आम्ही नकाशा पाहिला. तेहरान आणि मुंबई यांत हवाई अंतर सुमारे २,८०० किलोमीटर. मुंबईहून पाचगणी रस्त्याने सुमारे २५०. भूगोल त्याच्या विरोधात होता, पण अनुभव त्याच्या बाजूचा होता.

तसे पाचगणीला इराण परके नाही. येथील न्यू एरा ही शाळा बहाई मंडळींनी १९४५ साली सुरू केली आणि बहाई धर्माचा उगम एकोणिसाव्या शतकातल्या इराणातला. मुंबई-पुण्यात हॉटेले थाटणाऱ्या इराण्यांचे पूर्वज कोणी जहाजाने आले, कोणी बलुचिस्तानातून खुष्कीने. त्यांचा हा प्रवास तासांत मोजण्याजोगा नव्हता. आपली भाषा तर त्याआधीच तिकडे जाऊन आलेली. माधव जूलियन यांनी १९२५ साली फार्सी-मराठी कोश सिद्ध केला, तो उगीच नव्हे. 'मजल दरमजल' आपण फार्सीतूनच घेतले. 'दूर' मात्र उसना नाही. तो संस्कृतातही आहे आणि फार्सीतही, दोन्हीकडे वडिलार्जित. दूरपणा सांगणारा शब्दच या दोन भाषांना जवळचा असावा, याची आम्हांस तेव्हा मोठी मौज वाटली होती.

ती मौज जून २०२५ मध्ये ओसरली. १३ जूनला इस्रायलचे हल्ले सुरू झाले आणि इराणचे आकाश विमानांना बंद झाले. किलोमीटर एकानेही वाढले नाहीत, पण 'चार तास' या उत्तराला अर्थ उरला नाही. तेथे शिकणारे काही भारतीय विद्यार्थी आधी रस्त्याने आर्मेनियात गेले आणि तेथून विमानाने निघून १९ जूनला दिल्लीस पोहोचले. वेळापत्रकातला उड्डाणाचा काळ हा वाट मोकळी असण्यावर अवलंबून असतो, हे आम्ही एरवी विसरलेलो असतो.

मराठीत 'अंतर' म्हणजे दोन ठिकाणांमधली लांबी, आणि 'अंतर' म्हणजे अंतःकरणही. एखाद्याला 'अंतर देणे' म्हणजे त्याला सोडून देणे. त्या आठवड्यात बातम्या पाहताना तो मुलगा वारंवार डोळ्यांपुढे आला. आता तिशीपुढचा असेल. तेहरानात असेल किंवा नसेलही. शोध घ्यावा, तर धागा कोणता धरायचा? घाट चढून जाईपर्यंतच्या त्या प्रवासात आम्ही त्याला किलोमीटर विचारले, तास विचारले; नाव तेवढे विचारले नव्हते.