धावांची वही आणि कुलूपबंद लॅब

सध्या आमच्या गावात कोडिंग क्लासचे फ्लेक्स लागलेत. पालक विचारतात, पोराला कितव्या वर्षी घालावं? मी म्हणतो, आधी ते मोकळ्या वेळात काय करतं ते बघा.

मी क्रिकेटच्या वह्या भरायचो. 1992 चा वर्ल्ड कप ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये होता, बऱ्याच मॅच आपल्याकडे पहाटेच सुरू व्हायच्या. ट्रान्झिस्टर कानाला लावून एकेक बॉल वहीत लिहायचा, मग सरासरी काढायची, सगळं हातानं. पुढं डिप्लोमा करून पेपरात लागलो. ऑफिसात एक्सेल दिसल्यावर पहिल्यांदा त्या वह्याच त्यात भरल्या. फॉर्म्युले अपुरे पडायला लागले तसा रात्री पानं गेल्यावर बसून पायथन शिकलो. कुणी सांगितलं नव्हतं, चैन पडत नव्हतं म्हणून.

याचा गावाला काय उपयोग? महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. शेतकऱ्याची मदत त्या आकड्यावर अडते. तालुक्याचे पावसाचे आकडे तपासायला मी वीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. एका वर्षी एका मंडळाचा एक दिवस यादीतून सुटलेला सापडला. बातमी लागली, यादी दुरुस्त झाली. बॅट्समनच्या सेंच्युऱ्या मोजा नाहीतर अतिवृष्टीचे दिवस, प्रोग्रामला दोन्ही सारखंच.

यात माझी हुशारी फार नाही. लिनस टॉरवल्ड्सचे आजोबा हेलसिंकीत संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या कमोडोर व्हिक-20 वर हा पोरगा अकराव्या वर्षी खेळायला लागला. 1991 मध्ये त्यानं लिनक्स आणलं. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन त्याच्यावरच चालतो. त्या काळातली घरगुती मशीन चालू केली की समोर थेट बेसिक भाषा यायची, पोरं आपोआप काहीतरी टाइप करायची. अशी मशीन घरातून गेली आणि कॉम्प्युटर शिकायला येणारी मुलं कच्ची निघायला लागली, हे केंब्रिजमध्ये एबेन अप्टन यांच्या लक्षात आलं. त्यातून 2012 मध्ये रास्पबेरी पाय हा 35 डॉलरचा छोटा कॉम्प्युटर आला.

म्हणजे छंद पोराकडं असतोच. कमी पडतं ते मशीन आणि त्याच्यापुढं बसायला मिळणारा रिकामा वेळ.

आपल्याकडं काय चित्र आहे? आमच्या भागातल्या कितीतरी सरकारी शाळांत कॉम्प्युटर आलेत. पण लॅबला कुलूप, मॉनिटरवर प्लास्टिक. कारण ठरलेलं, "पोरं बिघडवतील." अहो, बिघडवू द्या की! बिघडवल्याशिवाय शिकतंय कोण?

मागणी साधी आहे. शाळा सुटल्यावर रोज दोन तास लॅब उघडी ठेवा. राखण करायला गावातला एखादा कॉलेजचा पोरगा मानधनावर बसवा. ज्यांना क्लासची फी परवडते त्यांची पोरं शिकतीलच. ज्यांची शेती त्या 65 मिलिमीटरवर अडते, त्यांच्या पोरांचं काय?

आपापल्या शाळेत जाऊन विचारा, लॅब शेवटची कधी उघडली होती? उत्तर मला कळवा.