जुन्या जीपचा कार्यभार

बदलीच्या नोकरीत उमर घालविणाऱ्या माणसाची वस्तूंकडे पाहण्याची दृष्टी हळूहळू निराळी होत जाते. दुकानात एखादे कपाट मनात भरले, तर इतर लोक त्याचा सागवान पारखतात. आम्ही त्याचे पाय सुटतात की नाही ते पाहतो. आमच्या बिऱ्हाडातली प्रत्येक वस्तू गोणपाटात शिवली जाण्याच्या बोलीवरच घरात आलेली असते. अशा या बिऱ्हाडाच्या मागील अंगणात एक जुनी जीप येऊन बसली आणि पाहता पाहता तिचे शेकडो तुकडे पडवीभर पसरले, तेव्हा स्नेह्यांना आमच्या बुद्धीविषयी काळजी वाटली, यात नवल नाही.

ही जीप १९६६ सालची. कधीकाळी ती एका सरकारी खात्यात होती. खात्याने तिला ‘कंडम’ ठरवून लिलावात काढले; तेथून ती भंगाराच्या व्यापाऱ्याकडे गेली आणि त्याच्या वाड्यात निंबाच्या झाडाखाली कित्येक पावसाळे उभी राहिली. आम्ही तिला घरी आणली ती दोरखंडाने ओढून. तिला बॅटरी नव्हती, टपाचे कापड नव्हते, आणि चालकाच्या पायाखालची जमीन तर अक्षरशः नाहीशी झालेली होती. बसल्या जागेवरून खालचा रस्ता दिसत असे. “अहो, हिला ठेवणार कुठे, आणि बदली झाली म्हणजे नेणार कशी?” एवढेच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. या प्रश्नाच्या पहिल्या भागाला आमच्याजवळ उत्तर होते.

जीप म्हणजे छोटी मोटार, असा आपला समज असतो. तिच्या जन्माच्या दाखल्यावर मात्र निराळेच नाव आहे. अमेरिकन सैन्याच्या दप्तरी तिची नोंद ‘ट्रक, पाव टन, चार बाय चार’ अशी होती. म्हणजे ही मूळची मालट्रकच, फक्त आकाराने धाकटी. १९४० सालच्या उन्हाळ्यात युद्धाची छाया अमेरिकेवर पडू लागली, तेव्हा चारही चाकांना जोर मिळेल असे हलके वाहन सैन्याला तातडीने हवे झाले. पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या बँटम नावाच्या लहानशा कंपनीने अवघ्या ४९ दिवसांत पहिला नमुना तयार करून २३ सप्टेंबर १९४० रोजी सैन्याच्या हवाली केला. पुढे विलिस आणि फोर्ड या मोठ्या कारखान्यांनी युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या घडविल्या. बँटमचे नाव मागे पडले. ज्याने आराखडा करावा त्याचे नाव जावे आणि मोठ्या कचेरीचे राहावे, हा न्याय आपल्या वाचकांना अपरिचित नसावा!

स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबईत माझगावला महिंद्र कंपनीच्या कारखान्यात या जीपची जुळणी होऊ लागली. आमची गाडी त्याच घराण्यातली, ‘सीजे-३बी’ या वाणाची. १९५३ साली विलिसने हा वाण काढला, तेव्हा त्यात नवे इंजिन बसविले. या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारी झडप वर असते आणि जळका धूर बाहेर सोडणारी झडप बाजूला, खालच्या ठोकळ्यात असते. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली, आणि त्याला सामावून घेण्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले. या गाडीचे कपाळ इतके मोठे का, याचे कारण हे एवढेच. सौंदर्याची दृष्टी ठेवून ते कोणी काढलेले नाही. तरीही तेच कपाळ पाहून खेडोपाड्यांतली माणसे ‘साहेब आले’ म्हणून उठून उभी राहात असत. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजना सुरू झाली; पुढे जागोजागी विकास खंडांच्या कचेऱ्या निघाल्या आणि जिथे सडक पोचली नव्हती तिथे शासन पोचले ते बहुधा याच गाडीतून.

जबलपुरास नेमणूक नसती, तर हा खटाटोप आमच्या हातून होता ना. हे गाव चार चाकांच्या जोराचे माहेरघर. येथे १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला. तेथेच १९५९ पासून ‘शक्तिमान’ मालट्रक तयार होऊ लागल्या. १९६९ साली स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला आणि ‘जोंगा’ ही सैनिकी गाडी तर आपल्या इंग्रजी नावातच जबलपूर घेऊन फिरली. त्यामुळे येथील गल्लीबोळांत असे वृद्ध कारागीर अजून भेटतात, की ज्यांना गिअरपेटीचा आवाज ऐकून आतील कोणता दात झिजला ते सांगता येते. आमचे मिस्त्री त्यांपैकीच एक. कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. दर रविवारी सकाळी ते सायकलवरून येत, अंगणातल्या खाटेवर बसत आणि काम आमच्याकडून करवून घेत.

पहिल्याच दिवशी त्यांनी पाना आमच्या हाती देण्यापूर्वी एक गोष्ट बजावली. या गाडीच्या उजव्या चाकांचे नट नेहमीप्रमाणे डावीकडे फिरवून सुटतात. डाव्या चाकांच्या नटांना मात्र उलटे आटे आहेत, ते उजवीकडे फिरवावे लागतात. फिरत्या चाकाच्या ओढीने नट सैल होऊ नयेत, म्हणून ही योजना. ज्याला हे ठाऊक नसते तो जोर लावून लावून नट अधिकच आवळतो आणि शेवटी बोल्ट तोडतो. कचेरीत नवीन आलेल्या अधिकाऱ्याने कोणत्या नटाला कोणते आटे आहेत ते आधी जुन्या कारकुनाला विचारावे, हा धडा आम्ही त्यातून मनाशी घेतला; पण मिस्त्रींपाशी तो बोलून दाखविला नाही.

दुसरा दंडक त्यांनी घातला तो असा, की सुटा केलेला प्रत्येक भाग डब्यात घालावा, डब्यावर चिठ्ठी लावावी आणि वहीत नोंद करावी: कोठून काढला, कोणत्या स्थितीत होता, कोणाला जोडलेला होता. फायलींचा जन्मभराचा सराव येथे प्रथमच कामी आला. तुपाचे, बिस्किटांचे, लोणच्याचे डबे स्वयंपाकघरातून एकेक करून पडवीत उतरले. गंजलेल्या लहान भागांसाठी एका टबात पाणी आणि धुण्याचा सोडा घेतला. बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला जोडली. रात्रभरात गंज सुटून काळी राख होते आणि ती ब्रशने निघून जाते. त्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावरच करावे. आणि पट्टी स्टेनलेस स्टीलची कदापि घेऊ नये, कारण तिच्यातील क्रोमियम पाण्यात उतरून विषारी होते. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती धूळ फुंकर मारून न उडविता ओल्या फडक्याने टिपून घ्यायची, हेही मिस्त्रींनी शिकविले.

तिसऱ्या महिन्यात दोन गोष्टी उजेडात आल्या, आणि आमचा सगळा उद्योग एका प्रश्नापाशी येऊन थबकला.

मागच्या फळक्यावरचा रंग आम्ही पाण्याच्या पॉलिशपेपरने घाशीत होतो. वर पांढरा, त्याखाली निळा आणि त्याहीखाली राखी असे थर निघत गेले. राखी थरावर एकाएकी अक्षरे दिसू लागली: ‘विकास खं’. पुढचा ‘ड’ गंजाने खाल्लेला होता. गावाचे नाव तर केव्हाच गेले होते. कोणा रंगाऱ्याने हाताने काढलेली, किंचित उजवीकडे कललेली ती अक्षरे होती. त्याच आठवड्यात बॅटरीचा कठडा सुटला. कारखान्यातला मूळ कठडा पत्र्याचा असतो. हा होता जाड लोखंडाचा आणि त्यावर हातोड्याचे घाव स्पष्ट दिसत होते. मिस्त्रींनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि सांगितले, की ही बैलगाडीच्या चाकाची धाव आहे. कोठल्या तरी आडगावी बॅटरी निखळून पडली असावी आणि तिथल्या लोहाराने जवळ होते त्या लोखंडातून हा कठडा वाकवून दिला असावा.

आता ही गाडी कोणत्या तारखेपर्यंत मागे न्यायची? चिरंजीवांच्या मते ती सैनिकी हिरव्या रंगात शोभली असती. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियमांचा १२१ वा नियम सैन्याखेरीज इतरांना तो रंग वापरू देत नाही. शिवाय ही गाडी एक दिवसही सैन्यात नव्हती. नसलेली सेवा तिच्या सेवापुस्तकात कशी चढवावी? दुसरा मार्ग कारखान्यातून निघालेल्या दिवसाइतकी कोरी करण्याचा. त्यासाठी अक्षरे पुसावी लागणार, धावेचा कठडा भंगारात टाकावा लागणार. म्हणजे १९६६ सालचा एक दिवस वाचवायचा आणि त्यानंतरचे सगळे आयुष्य खरवडून टाकायचे!

हा पेच आमच्या एकट्याचा नाही. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद झाली, तिच्यात दोन सूत्रे आहेत: वास्तूवर प्रत्येक काळाने जी भर घातली तिचा मान राखावा, आणि जिथून नुसता तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबवावा. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०१३ साली ट्युरिनच्या सनदेत हाच विचार मोटारींना लावला. आपल्याकडे एवढे दूर जाण्याचे कारण नाही. घरातली जुनी गोधडी पाहावी. तिला आजीच्या लुगड्याचे ठिगळ असते, काकांच्या धोतराचे असते. ती दुरुस्त करायला घेणारी सून आणखी एक ठिगळ लावते, पण आधीची उसवून काढीत नाही.

आम्ही त्याच रीतीने गेलो. ज्यावर माणसाचा जीव अवलंबून आहे ते सर्व नवे घातले: ब्रेकचे अस्तर, नळ्या, सुकाणूचे सांधे, विजेच्या तारा. तेथे जुन्याचा लोभ कामाचा नाही. पायाखालचा पत्रा नवा जोडला आणि तो नवा आहे हे खालून पाहणाऱ्याला कळावे, म्हणून त्यावर आतून साल कोरले. फळक्यावरचा राखी रंग मात्र तसाच ठेवून त्यावर पारदर्शक लेप दिला. धावेचा कठडा घासून, तेल लावून पुन्हा जागेवर बसविला. ‘खं’पुढे ‘ड’ काढण्याचा मोह झाला. परंतु तो ‘ड’ आमचा झाला असता, त्या रंगाऱ्याचा नव्हे.

गाडीचा सांगाडा रंगून तयार झाला, इंजिन त्यावर चढले. चारही चाकांत जोर वाटून देणारी पेटी तेवढी अद्याप बाकावर उघडी होती. याच सुमारास बदलीचा हुकूम आला. ठिकाण दूर, ईशान्येकडे. सौभाग्यवतींच्या प्रश्नाचा दुसरा भाग आता उत्तर मागू लागला, आणि हाती रुजू होण्यापूर्वीचे मोजके दिवस. भंगारवाल्याने किलोचा भाव विचारला. एका परिचिताने तिला हिरवा रंग देऊन लग्नाच्या वरातींना भाड्याने देण्याची कल्पना सुचविली. तिला आहे तशी मालगाडीने न्यावी, तर नव्या गावी अंगण मिळेल याची शाश्वती नव्हती. आणि मिस्त्री तर मिळणारच नव्हते.

आम्ही दोन रात्री जागून काढल्या. खंत पैशाची नव्हती. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणी रद्द होऊन त्या थेट मोडीत निघतात. धुराच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु त्याचा अर्थ असा, की लिलावातून भंगारवाड्यात आणि तेथून कोणाच्या अंगणात येण्याची वाट आता बंद झाली. विकास खंडाची अक्षरे अंगावर वागविणारी गाडी यापुढे किलोने गेली, तर तिच्यामागून दुसरी येणार नाही. 

मग एका सकाळी आम्ही वही घेऊन मिस्त्रींच्या घरी गेलो. त्यांचा नातू मोटारीच्याच कामात शिरलेला होता. गाडी, डबे, वही आणि कागदपत्रे असे सर्व आम्ही त्या दोघांच्या स्वाधीन केले. हस्तांतराचे अर्ज भरून दिले. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढील खाजगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी होते, तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. हे सर्व आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले. मिस्त्रींनी वही पहिल्या पानापासून चाळली, दोन ठिकाणी आमच्या नोंदी दुरुस्त केल्या आणि खाली हिंदीत लिहिले: ‘सामान प्राप्त किया’. सही केली, तारीख घातली. आमच्या सबंध नोकरीत इतका चोख कार्यभार आम्ही कोणाला दिला नव्हता.

पुढे चार महिन्यांनी नातवाचा फोन आला. पेटी बसली होती. त्या पेटीला दोन दांडे असतात: एक पुढच्या चाकांना जोर देतो, दुसरा वेग कमी करून ओढ वाढवितो. पक्क्या सडकेवर पुढची चाके जोडून गाडी हाकू नये. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. वाळूत ती थोडी घसरून ताण सोडून देतात, डांबरावर तो ताण दातांत साठत जातो. म्हणून आजोबांनी तिची परीक्षा अंगणापलीकडल्या मोकळ्या मातीतच घेतली होती. नातवाने चित्रही पाठविले. उंच कपाळ चकाकत होते. मागच्या फळक्यावर ‘विकास खं’ तसेच होते.

ते चित्र आम्ही सौभाग्यवतींना दाखविले. त्यांनी ते निरखून पाहिले आणि विचारले, “आपले लोणच्याचे डबे परत पाठवणार आहेत का?”